समितीचा पुढचा आमदार कुठून येणार? (बेळगाव दक्षिण, २००८ ते २०२३)

जुनेबेळगाव

मंडळी, नमस्कार.

२०२३ च्या निकालापासून आपल्याकडे दोनच वाक्यं कानावर पडतात. एक, "समिती (म्हणजे महाराष्ट्र एकीकरण समिती) संपली." दुसरं, "मराठी माणूस विकला गेला." पहिलं मला पटत नाही आणि दुसरं सहन होत नाही, म्हणून हा धागा काढतोय. सीमाप्रश्नाचा, म्हणजे बेळगावसकट हा मराठी भाग महाराष्ट्रात जावा या मागणीचा, सगळा इतिहास इथं उगाळायचा नाही. एक मतदारसंघ, त्याच्या चार निवडणुका आणि त्यातून निवडून आलेला समितीचा एक आमदार, एवढंच समोर ठेवतो.

नव्या पोरांसाठी थोडी पार्श्वभूमी. २००८ च्या आधी बेळगाव शहराला एकच जागा होती. शेजारी उचगाव आणि बागेवाडी. शहरानं १९५७ पासून बा. रं. सुंठणकर, सायनाक, राजाभाऊ माने, बापूसाहेब महागावकर, नारायणराव तरळे अशी माणसं बेंगळूरला पाठवली. १९९९ आणि २००४ ला काँग्रेसचे रमेश कुडची आले, म्हणजे शहराची जागा पुनर्रचनेच्या आधीच हातून सुटली होती. २००८ ला मतदारसंघ नव्यानं पाडले तेव्हा उचगाव आणि बागेवाडी गेले आणि उत्तर, दक्षिण, ग्रामीण अशा तीन जागा झाल्या. उचगाव म्हणजे पश्चिम भागातल्या मराठी खेड्यांची हक्काची जागा. ती कागदावरूनच पुसली गेली, आणि तो धक्का आपण अजून नीट मोजलेला नाही.

त्या वर्षी उत्तरेत काँग्रेसचे फिरोज सेठ, तर दक्षिणेत अभय पाटील, ग्रामीणमध्ये संजय पाटील, खानापुरात प्रल्हाद रेमाणी, हे तिघं भाजपचे. समितीचा एकही नाही.

पाच वर्षांनी, मे २०१३ मध्ये, दक्षिणेत संभाजी पाटील निवडून आले. समोर विद्यमान आमदार अभय पाटील, त्यातही २००४ पासून सलग दोनदा निवडून आलेला, पैशानं आणि पक्षानं भक्कम. फरक सहा हजारांहून थोडा जास्त. खानापुरात त्याच वेळी अरविंद पाटील आले. भाजप त्या वर्षी राज्यभर फुटला होता, येडियुराप्पांनी वेगळा पक्ष काढला होता, त्याचा फायदा झाला हे मान्यच करायला हवं. पण नुसत्या तेवढ्यानं दक्षिण मिळाली असती तर उत्तरही मिळाली असती.

संभाजी पाटील आमदार व्हायच्या आधी महापालिकेतले होते, महापौर झालेले. हा माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. नगरसेवक म्हणून ज्याच्या दारात लोक गटार तुंबलं म्हणून येतात, नळाला पाणी नाही म्हणून येतात, जन्मदाखल्यावर नाव चुकलं म्हणून येतात, त्याला मत मागताना ओळख करून द्यावी लागत नाही. भाषणं चांगली करणारे आपल्याकडे तेव्हाही होते. निवडून आला तो वॉर्डातला माणूस.

आता २०१८ बघा. समितीचे दोन गट, दक्षिणेत दोन उमेदवार, प्रकाश मरगाळे आणि किरण सायनाक. अभय पाटील ५८ हजारांहून जास्त मतांनी आले आणि आपण तिसऱ्या-चौथ्या नंबरवर. लोकांनी तेव्हाच "समिती संपली" म्हणून टाकलं. मग २०२३ ला रमाकांत कोंडुसकर एकटे उभे राहिले. त्यांना जवळपास ६५ हजार मतं पडली आणि ५८ हजारांचा फरक बाराएक हजारांवर आला. तेच वडगाव, तेच शहापूर, तेच अनगोळ. विकला गेलेला मतदार पाच वर्षांत असा परत येतो का?

म्हणून माझं म्हणणं असं की मतदार जागेवर आहे, उमेदवार तयार करायची जागा मात्र हातची गेली आहे. २०२१ ला महापालिकेची निवडणूक पहिल्यांदा पक्षांच्या चिन्हांवर झाली आणि ५८ पैकी ३५ जागा भाजपनं घेतल्या. ज्या सभागृहानं महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला म्हणून २००५ मध्ये सरकारनं ते बरखास्त केलं होतं, त्याच सभागृहात आज आपली माणसं बोटावर मोजण्याइतकी. पुढचा संभाजी पाटील घडणार कुठं?

संभाजीराव आज आपल्यात नाहीत. त्यांच्या कारकिर्दीबद्दल ज्यांना जवळून माहिती आहे त्यांनी लिहावं. पटत नसेल तर तेही लिहा, पण मतदाराला शिव्या देऊ नका एवढीच विनंती.

---

शहापूर_शिवार

उत्तम धागा. एक बाजू मात्र राहिली.

दक्षिण म्हणजे फक्त मराठा गल्ल्या नव्हेत. वडगाव, खासबाग, शहापुरात घराघरात माग आहेत. विणकर समाजात कन्नड आणि तेलुगू बोलणारे भरपूर. त्यांचं मत सीमाप्रश्नावर पडत नाही. सुताचा दर, विजेची सवलत, पडून राहिलेला माल, यावर पडतं. समितीचा उमेदवार त्यांच्या गल्लीत जातो तो मतदानाच्या आठवड्यात. भाजपचा माणूस वर्षभर असतो. बारा हजारांची दरी मला तिथंच दिसते.

दुसरं आमच्या शिवाराचं. बळ्ळारी नाला दर पावसाळ्यात फुगतो. लावणी झालेलं भात आठ-आठ दिवस पाण्याखाली राहतं, वर जलपर्णी येऊन बसते, पाणी ओसरलं की रोप हाताला चिखलासारखं लागतं. मग दुबार लावणी, नाहीतर रान तसंच पडीक. हीच ती बासमती पिकवणारी जमीन, वर्षाला तीन पिकं देणारी. याच पट्ट्यातून हलगा-मच्छे बायपास आखला. शेतकऱ्यांनी कोर्ट गाठलं, बायका जेसीबीपुढं आडव्या झाल्या. त्या लढ्यात समितीची माणसं होती, खोटं कशाला बोलू. पण विधानसभेत उभं राहून "ही तिबारपिकी जमीन आहे" असं सांगणारा आपला आमदार तेव्हा नव्हता. आमदार कशाला हवा ते आम्हाला त्या रानात उभं राहून कळलं.

---

मलप्रभाकाठ

जुनेबेळगाव, तुमचं दक्षिणेचं गणित बरोबर असेल ओ, पण ते खानापूरला लावून बघा, बसत नाही.

२०१८ ला आमच्यात अरविंद पाटील आणि विलास बेळगावकर दोघं उभे राहिले. दोघांची मतं एकत्र केली तर निवडून आलेल्या काँग्रेसच्या अंजलीताई निंबाळकरांपेक्षा जास्त भरत होती. पाच हजारांच्या फरकानं निकाल लागला तिथं आपणच आपली जागा घालवली. इथपर्यंत तुमचंच म्हणणं.

पण २०२३ ला? समितीचा एकच उमेदवार, मुरलीधर पाटील. एकी झाली म्हणून गावागावात सांगितलं. मतं किती, तर दहा हजारांच्या आत. भाजपचे विठ्ठल हलगेकर ५४ हजारांच्या वर फरकानं आले. हा माणूस २०१८ ला पडला होता की. पडल्यावर घरी नाही बसला. साखर कारखाना, पतसंस्था, ऊस तोडीला कधी येणार, बिल कधी जमा होणार, यातून पाच वर्षं प्रत्येक गावात त्याचा संबंध राहिला. तोही मराठीच बोलतो, वारकऱ्यांच्या दिंडीतही दिसतो. मग लोकांनी काय म्हणून परकं मानायचं?

आमचा तालुका लांबलचक. कणकुंबी, जांबोटी, हेमाडगा, भीमगडच्या जंगलातली गावं. पावसात नदीला पाणी आलं की गाव तुटतं. बाळंतिणीला खाटेवर घालून आणायची वेळ येते. अशा गावात जाऊन १९५६ ला राज्यं पाडताना आपला भाग कसा तिकडं गेला ते सांगितलं तर म्हातारी माणसं डोळ्यात पाणी आणून ऐकतात, आणि शेवटी विचारतात, "आणि साकवाचं काय?" आमदार व्हायचं त्याला दोन्हींचं उत्तर देता आलं पाहिजे.

आणखी एक दुखणं. अरविंद पाटील २०१३ ला समितीचे म्हणून आले आणि नंतर भाजपमध्ये गेले. ज्यांनी त्यांच्यासाठी घरचं पेट्रोल घालून प्रचार केला त्यांना काय वाटलं असेल? एकी नुसती उमेदवार ठरवायला नको, निवडून आल्यावरही हवी.

---

जुनेबेळगाव

@मलप्रभाकाठ, तुमचा मुद्दा माझ्या विरोधात नाही, उलट तो पूर्ण करतो. एकच उमेदवार ही पहिली पायरी. दक्षिणेत कोंडुसकरांचा तरुणांत आधीपासून वावर होता, म्हणून एकीचं मतांत रूपांतर झालं. खानापुरात एकी झाली ती उमेदवारी अर्ज भरायच्या तोंडावर. मधली पाच वर्षं रिकामीच होती.

@शहापूर_शिवार, विणकरांचं लिहिलंत ते फार महत्त्वाचं. सीमालढा भाषेचा आहे, पण आमदार मतदारसंघातल्या सगळ्यांचा असतो. कन्नड बोलणाऱ्या विणकराचं काम समितीच्या आमदारानं केलं तर त्यात लढ्याशी कसलीच गद्दारी होत नाही.

---

हिंडलगा_फाटा

मी ग्रामीण मतदारसंघातली. आमच्याकडचं चित्र सांगते.

काँग्रेसच्या लक्ष्मी हेब्बाळकर २०१३ ला इथं हरल्या. २०१४ ला लोकसभेला सुरेश अंगडींकडून हरल्या. २०१८ ला संजय पाटलांना ५० हजारांहून जास्त फरकानं हरवून आल्या, आणि २०२३ ला त्याहून मोठ्या फरकानं. मंत्री झाल्या, महिला आणि बालकल्याण खातं मिळालं. दोनदा पडून तिसऱ्यांदा निवडून येणं म्हणजे काय असतं ते बघायचं असेल तर ही कारकीर्द बघा. पडलेल्या वर्षांत त्या गावोगावच्या हळदीकुंकवाला, महिला मंडळांना, देवळांच्या जीर्णोद्धाराला हजर होत्या. मराठी गावात मराठीत बोलायच्या.

राजहंसगडाचं उदाहरण घ्या. मार्च २०२३ मध्ये गडावरच्या शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण दोनदा झालं. आधी मुख्यमंत्री बोम्मईंच्या हस्ते सरकारी कार्यक्रम, मग तीन दिवसांनी काँग्रेसचा सोहळा. दोन्ही राष्ट्रीय पक्ष महाराजांसाठी भांडत होते, कारण मतं कुठं आहेत ते त्यांना कळलं होतं. समितीनं त्यानंतर जाऊन गडाचं शुद्धीकरण केलं. मनाला ते पटलं, पण त्या क्षणी मला कळून चुकलं की आपलं जे होतं ते घेऊन दुसरे पुढे निघाले आहेत.

आता बायकांचं सांगते. आज राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार रुपये घरातल्या बाईच्या खात्यात येतात. ती रक्कम कुणाच्या खिशातून, कुणाच्या राजकारणासाठी, हा वाद पुरुष करतात. बाईला गॅसची टाकी आणि मुलाची फी दिसते. यावर समितीकडे बोलायला काय आहे? काळ्या दिनाच्या फेरीत आम्ही काळ्या साड्या नेसून चालतो, हुतात्मा दिनाला हिंडलग्याच्या स्मारकावर फुलं वाहतो. पण उमेदवार ठरवणाऱ्या बैठकीत आमच्यातल्या कितीजणी असतात? मराठी शाळांत शिकलेल्या, स्वयंसहायता गट चालवणाऱ्या, बँकेत मॅनेजरशी वाद घालून कर्ज काढणाऱ्या बायका प्रत्येक गावात आहेत. पुढचा आमदार कुठून येणार असं विचारताय ना? इथूनही येऊ शकतो.

---

तंबाखू_वखार

निपाणीकडून थोडं.

आमच्याकडे समिती विधानसभेच्या शर्यतीतून कधीच बाजूला पडली. गाव शंभर टक्के मराठी वळणाचं, बाजार कोल्हापूर-इचलकरंजीशी, सोयरिकी कागल-गडहिंग्लजला. तरी आमदारकी ठरते ती तंबाखू, ऊस आणि सहकारावर. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी पुणे-बेंगळूर हायवे अडवला, एप्रिलमध्ये गोळीबार झाला, शेतकरी मेले. त्या आंदोलनातले सुभाष जोशी पुढे निपाणीचे आमदार झाले. म्हणजे भाषेच्या पलीकडचा प्रश्न धरून आमच्याकडे आमदार घडला.

त्यानंतर काँग्रेसचे काकासाहेब पाटील १९९९, २००४, २००८ असे तीनदा. मग भाजपच्या शशिकला जोल्ले २०१३, २०१८, २०२३ तीनदा. त्याही २००८ ला काकासाहेबांकडून हरलेल्या होत्या. २०२३ ला राष्ट्रवादीच्या चिन्हावर उत्तम पाटील उभे राहिले आणि सात हजारांच्या आसपास फरकानं हरले. काँग्रेस तिसरी. विरोधातली मतं फुटली की काय होतं ते आम्हीही बघितलं, समिती नसतानाही.

मला विचाराल तर मराठी बोलणारा आमदार आणि मराठीसाठी बोलणारा आमदार यात फरक आहे. आमच्याकडे पहिला प्रकार भरपूर झाला. प्रचार मराठीत, पत्रकं मराठीत, लग्नात भाषण मराठीत. निवडून आल्यावर नाडकचेरीतला (महसूल कार्यालयातला) उतारा कन्नडच, बसवरची पाटी कन्नडच. माझ्या वडिलांच्या वारसा नोंदीत गट नंबर एक आणि नाव दुसऱ्याचं लागलं. कागद वाचताच आला नाही म्हणून ते आमच्या ध्यानात यायला कित्येक महिने गेले. तो दुरुस्त करायला वकील लावावा लागला. कन्नडचा मला जराही राग नाही, माझी मुलं कन्नड वाचतात. पण आमच्या जमिनीचा कागद आम्हाला वाचता यावा, एवढं मागणं काय फार आहे?

---

कागदपत्र

@तंबाखू_वखार, मागणं अजिबात फार नाही आणि नवीनही नाही. ज्या तालुक्यात किंवा नगरपालिकेत भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना, नियम त्यांच्या भाषेतही द्यावेत, असं केंद्राच्या भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या संरक्षणांमध्ये आहे. त्यासाठी घटनेच्या ३५० ब कलमाखाली आयुक्तही आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, तिन्ही ठिकाणी आपण १५ टक्क्यांच्या कितीतरी वर. आयुक्तांचे अहवाल येतात, राज्य सरकार ढिम्म हलत नाही. विधानसभेत लेखी प्रश्न विचारून मंत्र्याकडून उत्तर घ्यायचं तर आमदार लागतो. नुसतं निवेदन देणाऱ्याला पोचपावती मिळते.

आता निवडणुकीच्या तांत्रिक बाजूबद्दल. ही आपल्याकडे कुणी नीट बोलत नाही.

समिती हा नोंदणीकृत पक्ष नाही. उमेदवार कागदावर अपक्ष. राष्ट्रीय पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. ते जमतं. खरी अडचण चिन्हाची. मुक्त चिन्ह मिळतं अर्ज माघारीची मुदत संपल्यावर. २०२३ ला माघारीचा दिवस २४ एप्रिल, मतदान १० मे. म्हणजे समोरच्याचं कमळ आणि हात लोकांच्या डोळ्यात चाळीसहून जास्त वर्षं बसलेलं, आणि आपल्याला आपलं चिन्ह घराघरात पोचवायला १६ दिवस. एकाच समितीच्या चार उमेदवारांना चार वेगळी चिन्हं मिळू शकतात. गावाकडची आजी शहरातल्या लेकीकडे प्रचारात एक चिन्ह बघते आणि आपल्या बूथवर तेच शोधते.

"मग पक्ष नोंदवा," असं तरुण म्हणतात. नोंदवता येईल. पण नोंदणीकृत, मान्यता नसलेल्या पक्षाला सगळीकडे एकच चिन्ह हवं असेल तर राज्यातल्या किमान पाच टक्के जागा लढवाव्या लागतात. कर्नाटकात जागा २२४. म्हणजे अकरा-बारा उमेदवार. आपण लढतो चार-पाच. उरलेले कुठं उभे करणार? शिवाय समिती ही मुळात वेगवेगळ्या विचारांच्या माणसांची मोट आहे. शेकापवाले, समाजवादी, काँग्रेसवाले, सेनावाले, सगळे सीमाप्रश्नापुरते एक. पक्ष केला की विचारणार, अर्थकारणावर भूमिका काय, आरक्षणावर काय. जुन्या जाणत्यांनी पक्ष केला नाही त्याला हे कारण होतं, आणि ते मला आजही योग्य वाटतं.

यातून वाट एकच दिसते. उमेदवार एक-दीड वर्ष आधी ठरवा. माणूस ओळखीचा झाला की चिन्ह शोधायला लोक स्वतः कष्ट घेतात.

---

अनगोळचा_पोरगा

सगळ्यांचं वाचतोय. मी २०२३ ला पहिल्यांदा मत दिलं, कोंडुसकरांना. १३ मेच्या सकाळी आम्ही मोबाईलवर फेऱ्या बघत होतो. काही फेऱ्यांत आशा वाटली. दुपारी घरी आलो तर घरात कुणी जेवायला तयार नाही. एवढं लागलं होतं.

मला एक समजत नाही. २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत शुभम शेळके यांना १ लाख १७ हजार मतं पडली. भाजपच्या मंगला अंगडी आणि काँग्रेसचे सतीश जारकीहोळी यांच्यात पाचएक हजारांचा फरक, आणि तिसऱ्या नंबरवर आपला तरुण उमेदवार एवढी मतं घेतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महापालिकेत आपण साफ होतो. पाच महिन्यांत लोक बदलले का?

---

जुनेबेळगाव

@अनगोळचा_पोरगा, लोक बदलले नाहीत, निवडणुकीचा प्रकार बदलला. लोकसभेला मत म्हणजे भावना दाखवायची जागा असते. खासदार येणार कोण ते दोघांत ठरलेलं, आपण आपला निषेध नोंदवायचा. महापालिकेत दारातला माणूस निवडायचा असतो आणि तिथं आपले दोन-दोन, तीन-तीन उभे. एका वॉर्डात समितीचा म्हणून कोण, हेच मतदानाच्या आदल्या दिवशीपर्यंत लोकांना ठाऊक नव्हतं. मतं होती, ती वाटली गेली.

---

सीमावासी_६५

तरुणांनी एवढ्या तळमळीनं लिहिलंय, बघून बरं वाटलं. वयानं मोठा आहे म्हणून १९९६ ची आठवण सांगतो.

त्या वर्षी बेळगाव लोकसभेला ४५६ उमेदवार उभे राहिले. सीमाप्रश्नाकडे देशाचं लक्ष वेधायचं म्हणून समितीनं गावागावातून अर्ज भरायला लावले. अनामत रक्कम तेव्हा पाचशे रुपये. शेतकरी, शिक्षक, दुकानदार, सगळे उमेदवार. मतपत्रिका वर्तमानपत्राएवढी झाली, घडी घालून पेटीत टाकायला लोकांची तारांबळ. दिल्लीपर्यंत नाव गेलं. निवडून जनता दलाचे शिवानंद कौजलगी आले. त्यानंतर अनामत पाचशेवरून दहा हजारांवर नेली आणि अपक्षाला दहा सूचक लागू लागले. देशातले निवडणुकीचे नियम बदलण्यात आपल्या जिल्ह्याचा वाटा आहे, हे पोरांना माहीत असावं.

तो लढा मला अजूनही योग्य वाटतो. एक गोष्ट मात्र तेव्हापासून मनात आहे. त्या साडेचारशे घरांत एकेक कार्यकर्ता होता. गावात मान असलेला, खिशातले पैसे घालून अर्ज भरलेला. निवडणूक झाल्यावर त्यांची यादी कुणी जपली नाही. त्यातले दहा-वीस जरी तालुका पंचायत, जिल्हा पंचायतीत पद्धतशीर घातले असते तर आज उमेदवार शोधायची वेळ आली नसती.

आमच्या काळी आमदार कसा असायचा तेही सांगतो. १९८६ ला कन्नड सक्तीच्या आंदोलनात नऊ माणसं गेली. त्या दिवसांत आमदार जेलमध्ये असायचे किंवा जेलबाहेर पोरांच्या जामिनासाठी फिरत असायचे. लोकांना ते आपले वाटायचे, कारण काठी पडली तर त्यांच्याही पाठीवर पडायची. पुढाऱ्यांनी घरातल्या घरात भांडून दोन गट केले तेव्हा आमच्यासारख्यांना जेवढं दुःख झालं तेवढं सरकारच्या लाठीनं झालं नव्हतं.

---

टिळकवाडी_गेट

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नये.

सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. आमदारानं त्यावर काय होणार? महाराष्ट्रातले नेते इथं येऊन "आम्ही तुमच्या पाठीशी" म्हणतात. आणि २०२३ ला त्याच महाराष्ट्रातून राष्ट्रीय पक्षांचे बडे नेते समितीच्या उमेदवारांविरुद्ध प्रचाराला आले. फडणवीसांना इथं काळे झेंडे दाखवले गेले. समितीच्या बाजूनं संजय राऊत आले. सामान्य मराठी मतदारानं यातून काय घ्यायचं? ज्यांच्यात जायचंय त्यांच्याच घरात एकमत नाही.

म्हणून माझं मत असं की विधानसभा निवडणूक आणि सीमाप्रश्न काही काळ वेगळे ठेवावेत. राष्ट्रीय पक्षात असलेल्या मराठी माणसांना निवडून द्यावं आणि त्यांच्याकडून मराठी शाळा, मराठी कागद करून घ्यावेत.

---

हिंडलगा_फाटा

@टिळकवाडी_गेट, राग नाही. पण करून घेणार कसं? २०१८ ते २३ मध्ये उत्तरेत भाजपचे अनिल बेनके होते, मराठी माणूस. खानापुरात अंजलीताई, मराठी. आज खानापुरात हलगेकर. यांच्यातल्या कुणालाही पक्षानं सांगितलं, "हा विषय काढायचा नाही," की विषय संपतो. उत्तरेत बेनकेंना तर २०२३ ला पक्षानं तिकीटही दिलं नाही. ज्याचं तिकीट बेंगळूर-दिल्लीत ठरतं तो तिकडंच बघणार.

माझ्या गावच्या मराठी शाळेत दोन वर्गांना एक शिक्षक आहे. हा प्रश्न मी सत्ताधारी आणि विरोधी दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांना विचारला. दोघांनी नाव लिहून घेतलं. तिसऱ्या कुणाला विचारायची सोय उरलेली नाही, आणि समितीचा आमदार लागतो तो या तिसऱ्या दारासाठी.

---

मलप्रभाकाठ

व्हय, हे खरं. हिवाळी अधिवेशन बेळगावातल्या सुवर्णसौधमध्ये (विधानभवनात) भरतं, आपण व्हॅक्सिन डेपोवर महामेळावा घ्यायला जातो आणि पोलीस आधीच उचलतात. आत आपला एक जरी माणूस असला असता तर बाहेरच्यांना का उचललं ते त्याच दिवशी सभागृहात विचारलं असतं.

---

जुनेबेळगाव

चर्चा भरकटायच्या आत कामाचं बोलू. पुढची विधानसभा २०२८ ला. जिल्हा आणि तालुका पंचायतींची मुदत २०२१ ला संपली, तेव्हापासून त्या निवडणुका रखडल्यात. म्हणजे सीमावासी काका म्हणतात ती शाळासुद्धा सध्या बंद आहे. त्यामुळे महापालिका आणि ग्रामपंचायत एवढंच हातात उरतं. दक्षिणेत दोनशेच्या वर बूथ आहेत. एका बूथवर हजार-बाराशे मतदार. प्रत्येक बूथला दोन माणसं, त्यात एक बाई, आणि विणकर गल्ल्यांत कन्नड बोलू शकणारा एक. यादी आताच करायला घ्यावी. नेत्यांची वाट बघू नये. यादी तयार असली की नेत्यांना एकच उमेदवार द्यावा लागेल, कारण दुसऱ्यासाठी बूथवर बसायला माणूस मिळणार नाही.

अनगोळ, वडगाव, जुनं बेळगाव मी धरतो. बाकीच्यांनी आपापला भाग सांगा.

---

शहापूर_शिवार

शहापूर आणि खासबाग माझ्याकडे. विणकर गल्लीतले दोन मित्र आहेत, दोघं उत्तम कन्नड बोलतात. विचारतो.

---

अनगोळचा_पोरगा

अनगोळमध्ये मी आहे. आमच्या गल्लीतली लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं अजून इथंच आहेत आणि नव्यानं आलेल्या सुनांची नाहीत. त्याला कुठला फॉर्म लागतो?

---

कागदपत्र

सुनेचं नाव आधी कुठल्याच यादीत नसेल तर फॉर्म ६. माहेरच्या यादीत असेल तर इकडे हलवायला फॉर्म ८, पत्त्याचा पुरावा जोडून. बूथच्या बीएलओकडे (मतदार यादीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे) दिला तरी चालतो. पोच घ्यायला विसरू नको.